‘ब्रेलचं पॅकेज काढून टाका’

संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, दिवाळी अंक आहे, जरा हलकंफुलकं लिहा. तुमच्या कॉम्प्युटरच्या धंद्यातल्या गमतीजमती." मी हो म्हटलं आणि लिहायला बसले. पहिल्या पानातच कळलं, की हे हलकंही होत नाही आणि फुलकंही होत नाही. या धंद्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. गमती पुष्कळ झाल्या, पण आठवायला बसले की मध्येच वैरागचा काटा आठवतो आणि डोकं तापतं. तेव्हा वाचकहो, मी चिडूनच लिहिणार आहे. फराळासोबत वाचणार असाल तर चकली घ्या, लाडू राहू द्या.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत ते अजून कुणाला कळलेलं नाही. मी पॅकेजिंग करायची, एवढं ऐकून नात्यातल्या एका बाईंनी मला शेंगाचटणीच्या पाकिटांचा भाव विचारला होता. शेजारचे काका बंद पडलेला मोबाईल घेऊन येतात. मी दोन्ही करत नाही.

लिनक्स ही कुणा एकाच्या मालकीची नसलेली, फुकट मिळणारी संगणकप्रणाली. पण ती एक नाही. मूळ गाभा तोच, मात्र जगभरातल्या निरनिराळ्या मंडळींनी त्याच्याभोवती आपापलं घर मांडलंय. त्या प्रत्येक घराला डिस्ट्रिब्युशन म्हणतात, आम्ही नुसतं डिस्ट्रो म्हणतो. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात एकटीनं चहा करायची वेळ आली, की काय होतं ते बायकांना सांगायला नको. गॅस तोच, पातेलं तेच, पण साखर कुठल्या डब्यात? गाळणं कुठं टांगलंय? एखादा प्रोग्रॅम या घरातून त्या घरात गेला, की त्याचं तेच होतं. म्हणून प्रत्येक घरासाठी त्याची वेगळी बांधणी करावी लागते. कुठली फाइल कुठं ठेवायची, कुणाची मदत लागते, कोणासोबत अजिबात पटत नाही, हे सगळं आत लिहून बांधायचं. त्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात आणि ती गाठोडी बांधण्यात माझी जिंदगी गेली.

प्रत्येक डिस्ट्रोचे यासाठी नियम असतात. लांबलचक, कंटाळवाणे, एकमेकांशी न जुळणारे. त्यांची टिंगल करणारे इंजिनिअर मला पायलीचे पन्नास भेटले. मी मात्र ते नियम मानायची. कारण नियम मोडल्यावर काय होतं ते मी उसाच्या रांगेत उभं राहून पाहिलंय.

आमची कंपनी होटगी रोडवर होती. छोटीच. भुईकाट्याचं सॉफ्टवेअर बनवायची. भुईकाटा म्हणजे जमिनीत बसवलेला मोठा वजनकाटा, ज्याच्यावर अख्खा ट्रक उभा राहतो. काट्याचं मीटर एका केबलमधून संगणकाला सारखे आकडे पाठवत असतं आणि आमचा प्रोग्रॅम ते वाचून पावती छापतो. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने आणि बाजार आवारं भरपूर, त्यामुळे काटेही भरपूर, आणि प्रत्येक ठिकाणी कुणाच्या तरी जावयानं किंवा भाच्यानं आपल्या आवडीची डिस्ट्रो टाकलेली.

अशाच एका कारखान्यावर ऐन हंगामात काटा बोलेनासा झाला. मी जाऊन बघते तर तिथल्या संगणक विभागाच्या साहेबांनी आमचं एका डिस्ट्रोचं पॅकेज कसल्याशा परिवर्तक प्रोग्रॅममधून काढून दुसऱ्या डिस्ट्रोत कोंबलं होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, पॅकेज पॅकेजच असतं की. ह्यातलं काढलं आणि त्यात भरलं." केबलला हात लावायची परवानगी ज्या गटाला असते, त्या गटाचं नाव या घरात एक आणि त्या घरात दुसरं. आमचा प्रोग्रॅम ज्या गटाच्या नावानं हाका मारत होता, तो गट तिथं अस्तित्वातच नव्हता. बाहेर ट्रॅक्टरची रांग फाट्यापर्यंत गेलेली. एक ड्रायव्हर खिडकीत डोकं घालून म्हणाला, "बाई, तुमचं पॅकेज व्हईस्तोवर ऊस वाळून निम्मा झाला की!" मी त्या डिस्ट्रोसाठी नीट बांधलेलं पॅकेज टाकलं आणि काटा बोलायला लागला. साहेबांनी मला चहा पाजला आणि नियमांना पुन्हा एकदा हसले. अशा माणसांवर मी पूर्वी नुसती मनातल्या मनात कानडीतून चिडायची. आता उघड चिडते.

आमच्या धंद्यातली एक रीत मात्र मला फार आवडते. प्रत्येक पॅकेजच्या पोटात बदलांची नोंद असते. काय बदललं ते लिहायचं आणि खाली करणाऱ्यानं आपलं नाव आणि ईमेल टाकायचा. निनावी काम चालत नाही. घरोघरच्या नियमांत हजार भांडणं असतील, पण यावर सगळ्यांचं एकमत. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक पॅकेजमध्ये ‘महानंदा बिराजदार’ हे नाव आहे, आणि ते टाकताना मला दर वेळी बरं वाटायचं.

आता वैरागकडे येते.

काही वर्षांपूर्वी एका लोकप्रिय डिस्ट्रोची नवी आवृत्ती आली आणि आमचे काटे धडाधड मुके झाले. केबल लावली, की क्षणभर दिसायची आणि गायब व्हायची. शोधलं तेव्हा कारण सापडलं. नव्या संगणकांना काट्याची जुनी गोल पिनांची केबल थेट लागत नाही, म्हणून मध्ये एक स्वस्त यूएसबी केबल लावतात. तिच्यात एक चिनी चिप असते. अगदी तीच चिप अंधांच्या काही ब्रेल यंत्रांतही असते. संगणकाला दोन्हींचा ओळखक्रमांक एकच दिसतो. आणि डिस्ट्रोमध्ये आधीपासून असलेल्या ब्रेलच्या पॅकेजात नियम होता, की हा क्रमांक दिसला, की ते यंत्र माझं. म्हणून ते पॅकेज आमच्या काट्याची केबल ब्रेल यंत्र समजून ओढून घ्यायचं.

इंटरनेटवर याला एकच उपाय. शेकडो ठिकाणी, शेकडो तोंडांनी, तेच वाक्य: ब्रेलचं पॅकेज काढून टाका, तुम्हाला लागत नाही. कुणीही थांबून विचारलेलं नाही, की मग हे ठेवलंय कुणासाठी? खाली ‘धन्यवाद, चाललं’ म्हणणाऱ्यांची रांग. ती रांग आठवली तरी आजही माझा तिळपापड होतो.

आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, तेच वाक्य घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, सोपं आहे. आपल्या पॅकेजमध्ये एक ओळ टाका, ब्रेलच्या पॅकेजशी आपलं पटत नाही म्हणून. आपलं बसलं, की ते आपोआप निघेल. गिऱ्हाइकाला काही करायलाच नको."

अशी ओळ असते. दोन पॅकेजं एका संगणकात नांदूच शकत नसतील, तर एकानं तसं लिहायचं, मग दुसरं काढलं जातं. नियमांत स्पष्ट म्हटलंय, की ही ओळ शेवटचा उपाय आहे, आपली सोय म्हणून वापरू नका.

मी म्हटलं, "सर, दोघांचं भांडण एका क्रमांकावरनं आहे. घरातून हाकलायची काय गरज? तो नियम तेवढा नीट करू. मला थोडा वेळ द्या."

"अहो, नेटवर सगळेच काढतायत."

"नेटवरचे सगळे डोळस आहेत."

सर हसले. "मॅडम, वजनकाट्यावर कोण आंधळं बसणार आहे?"

"तुम्हाला काय माहीत, बसत असेल कुणी."

"बसेल तेव्हा बघू," म्हणाले आणि गेले.

मी धरून चालले, की विषय थांबला. भाचीच्या लग्नाला अक्कलकोटला गेले. परत आले तेव्हा काटे सुरू झाले होते, गिऱ्हाइकं खूश होती, आणि सर म्हणाले की काहीतरी तात्पुरतं केलंय. तात्पुरतं म्हणजे काय, हे मला ऑफिसात आलेल्या एका फोनवरून कळलं.

"महानंदा बिराजदार मॅडम का?"

"हो. कोण?"

"मी नसीम शेख, वैरागवरनं. तुमी माझं यंत्र कायकू बंद केलं?"

आवाज तरुण होता. मी म्हटलं, "मी कुठलं यंत्र बंद केलं? मी तुम्हाला ओळखतही नाही."

"मी तरी कुटं ओळखते तुमाला? नाव तुमचंच हाय. काट्याचं सॉफ्टवेअर नवीन आलं आणि माझं ब्रेल गेलं. माझ्या भाभीनं स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवलं मला. ब्रेलचं पॅकेज काढणार म्हणून लिहिलंय आणि खाली तुमचं नाव, तुमचा ईमेल. मी काय केलंय तुमचं?"

मी तिला थांबायला सांगून पॅकेज उघडलं. ती ओळ होती. त्याखाली माझं नाव होतं. ऑफिसातल्या ज्या संगणकावर पॅकेजं बांधायची, त्याला मीच माझं नाव शिकवून ठेवलं होतं, म्हणजे दर वेळी लिहायला नको. सरांनी ओळ टाकली आणि संगणकानं इमानदारीत खाली माझी सही केली. आयुष्यात मला तेवढा राग कधी आला नव्हता. मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन काय बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. सर एवढंच म्हणाले, "मॅडम, एक तक्रार आहे. बाकी सगळे खूश आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बार्शीच्या एसटीत बसले आणि वैरागला उतरले.

बाजाराच्या कडेला व्यापाऱ्यांचा एक खासगी काटा होता. पत्र्याची केबिन, समोर ट्रक. केबिनबाहेरच्या बाकावर नसीम बसली होती. मांडीवर ओढणीत गुंडाळलेलं ब्रेल यंत्र. ते यंत्र म्हणजे कीबोर्डाहून लहान, चपटी पेटी. तिच्यावर एका ओळीत बारीक भोकं असतात आणि स्क्रीनवर जे लिहिलंय त्याप्रमाणे त्यातून टोकं वर येतात. त्यावरून बोट फिरवायचं आणि वाचायचं. नसीमनं बार्शीच्या कॉलेजात बी.कॉम. केलेलं. एका संस्थेनं तिला हे यंत्र दिलं आणि त्याच्या जोरावर तिनं काट्यावरची नोकरी मिळवली. बाहेर उभा असलेला सिद्धू हमाल गाडीचा नंबर ओरडून सांगायचा, ती आकडा बोटांनी वाचायची, पावती छापायची. असं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी टोकं वर यायचीच थांबली.

"मॅडम, आलात?" ती म्हणाली. "मला वाटलं, फोनवर गोड बोलून सोडून देताल."

"मी गोड बोलले का काल?"

"न्हाय," ती म्हणाली. "तेवढं मात्र खरं हाय."

तिच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला होता. मॅनेजर घोडके बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. "बघा मॅडम, आमचं तिच्याशी काय वाकडं न्हाय. पण गाड्या खोळंबतात. यंत्र चालत न्हाय म्हटल्यावर तिला घरी बसा म्हटलं. पगार किती दिवस देणार बसून?"

"तिचं यंत्र चालतंय," मी म्हटलं. "तुमच्या संगणकातनं आमच्या लोकांनी त्याचा प्राण काढून घेतलाय."

आता राग येण्यासारखी खरी गोष्ट ऐका. त्या केबिनमधला संगणक जुना होता. त्याला मागे जुनं गोल पिनांचं पोर्ट होतं आणि काट्याची केबल थेट तिथंच लावलेली. ती स्वस्त चिनी केबल तिथं नव्हतीच. म्हणजे नसीमच्या संगणकात भांडणही नव्हतं. दोघं कधीपासून गुण्यागोविंदानं नांदत होते. कुणाचीही अडचण नसताना केवळ ती ओळ लिहिली म्हणून ब्रेल हाकललं गेलं, आणि त्याच्या मागोमाग नसीमही.

मी ती ओळ काढून पॅकेज पुन्हा बांधून आणलं होतं. ते टाकलं, ब्रेलचं पॅकेज परत बसवलं. यंत्र लावलं. खुटखुट आवाज करत टोकं वर आली. नसीमनं टोकांवर बोटं ठेवली. म्हणाली, "सिद्धूभाई, गाडी घ्या की पुढं! कोन उभं हाय?" बाहेरून नंबर आला. तिनं वजन वाचून पावती छापली आणि खुर्चीवरच्या माणसाला म्हणाली, "उठा आता." तो बिचारा उठला.

घोडके म्हणाले, "चाललं हे बरं झालं. पण मॅडम, खरं सांगतो. मालक नवीन संगणक घेणार हायेत. त्याला हे जुनं पोर्ट न्हाय. तुमची ती केबल लागणार. मग परत हेच. दर वेळी तुमी सोलापूरहून येणार का? नवीन मशीन आलं, आणि बाईंचं यंत्र लावल्यावर आपोआप चाललं, तर खुर्ची त्यांची. न्हाय चाललं, तर माझ्या हातात काय न्हाय."

नसीम यंत्रावरून बोटं फिरवत राहिली.

परत आल्यावर मी सरांना सांगितलं, की कायमचा इलाज आपण करू, माझ्यावर सोपवा. सर म्हणाले, वैरागच्या एका काट्यासाठी कंपनीचा वेळ घालवता येणार नाही. निवृत्ती जवळ आलेलीच होती, ती मी आणखी जवळ ओढून घेतली. जाताना त्या संगणकातून माझं नाव पुसून टाकलं. एवढ्या वर्षांची माणसं सोडताना वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण ते वाईट वाटणं रागाखाली दबून गेलं आणि अजून तिथंच आहे.

तोपर्यंत डिस्ट्रोवाल्यांकडे तक्रारींचा ढीग साचला होता. मीही रीतसर लिहिलं. दोघांना नांदू द्या, एकाला हाकलू नका. उत्तर काय मिळालं? एका डिस्ट्रोनं ब्रेलचा तो नियमच बंद केला. आता काट्याच्या केबली चालू, त्या चिपची ब्रेल यंत्रं बंद. ज्याला लागेल त्यानं स्वतः एक फाइल उघडून नियम चालू करावा, असं खाली लिहिलं. ज्याचं वाचायचं यंत्रच बंद आहे त्यानं फाइल उघडून वाचायची कशी, ते लिहिलं नाही. वर शिक्का: ‘प्रश्न सुटला’. दुसऱ्या डिस्ट्रोनं नियम तसाच ठेवला आणि तक्रारीवर तोच शिक्का मारला. तिथं ब्रेल चालू आणि काटे बंद. दोन घरं, दोन शिक्के, आणि नसीमला दोन्हीकडे जागा नाही. मी पुन्हा लिहिलं. एकानं समजुतीच्या सुरात उत्तर दिलं, की अशी यंत्रं वापरणारे फार थोडे असतात. ते उत्तर वाचून मी हातातला चहाचा कप एवढ्या जोरात आपटला, की त्याचा कान निघाला.

नसीमचा मधून मधून फोन यायचा. "मॅडम, झालं का?" मी सांगायची, अडलंय. दोन्हींचा क्रमांक एकच, संगणकानं ओळखायचं कसं? यंत्राला विचारून बघता येतं, की बाई तू ब्रेल आहेस का, पण तो प्रश्न चुकून काट्याला गेला तर काट्याचं मीटर गोंधळतं, भलतेच आकडे दाखवतं.

एकदा ती म्हणाली, "विचारायचं कशाला आधी? ऐकायचं की."

"म्हणजे?"

"काटा गप कुटं बसतो ओ? गाडी असू दे नसू दे, सारखा आकडे बोलत ऱ्हातो. माझं यंत्र हात लावल्याबिगर बोलत न्हाय. क्षणभर कान देऊन ऐकायचं. बडबड करतोय तो काटा, त्याला सोडून द्यायचं. गप हाय त्याला विचारायचं."

मी कागद ओढून तिचं वाक्य लिहून घेतलं. जगभरातली माणसं या भांडणावर लिहीत होती, मीसुद्धा त्यांच्यातच, आणि आमच्यापैकी एकालाही ऐकायचं सुचलं नव्हतं.

त्यावर एक चिमुकलं पॅकेज झालं. त्या क्रमांकाचं काही आलं, की आधी ऐकायचं, मग विचारायचं, आणि ब्रेल असेल तरच ब्रेलच्या हवाली करायचं. पण माझ्या घरातल्या संगणकावर असून त्याचा उपयोग नव्हता. डिस्ट्रोच्या स्वतःच्या भांडारात, जिथून सगळे संगणक पॅकेजं घेतात तिथं गेलं, तरच वैरागच्या नव्या संगणकावर ते आपोआप येणार. आणि भांडारात जायचं तर त्याला कुणीतरी कायमचं सांभाळणारं लागतं. ज्या पॅकेजला सांभाळणारं कुणी उरत नाही, त्याला आमच्याकडे सरळ ‘अनाथ’ म्हणतात आणि काही काळानं काढून टाकतात.

मी नसीमला म्हटलं, "नाव माझं देते. पण माझं वय बघता किती वर्षं सांभाळीन, सांगता येत नाही."

"मग माझं टाका. मी काय म्हातारी झाले न्हाय."

"म्हणजे मी झाले का?"

"तसं न्हाय ओ मॅडम!" ती हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. "शिकवा की मला. काट्यावर दुपारी गाड्या नसतात."

शिकवताना मी चिडायची आणि ती माझ्यापेक्षा जास्त चिडायची. नियमांची पानं तिनं ब्रेलवर वाचून काढली आणि प्रत्येक घराच्या नियमांतले घोळ मला फोनवर रागारागानं ऐकवले. "हितं म्हणतात परवान्याची फाइल वेगळी ठेवा, तितं म्हणतात ठेवू नका. यांना आपसात बोलता येत न्हाय का?" मी म्हटलं, "बाई, हेच मी आयुष्यभर म्हणत आलेय." दोन्ही डिस्ट्रोंसाठी तिनं वेगवेगळी पॅकेजं बांधली, खाली नाव टाकलं, नसीम शेख, आणि पाठवून दिली.

मग काही नाही. डिस्ट्रोच्या तपासणीची रांग मोठी, पॅकेज लहान, कुणाला घाई नाही. इकडे घोडक्यांचे मालक नव्या संगणकाची बोलणी करून बसलेले. मी रोज त्या भांडाराचं पान उघडून बघायची आणि रोज बंद करताना एखादी शिवी हासडायची. आमच्या यजमानांनी देवघराशेजारी संगणक ठेवू नको म्हणून सांगितलं.

शेवटी एका दुपारी नसीमचा फोन आला. "मॅडम, उत्तर आलंय. वाचू का?"

"वाच."

फोनमधून टोकांची बारीक खुटखुट ऐकू येत होती. ती बोटांनी वाचत होती आणि मला मराठीत सांगत होती. एका ओळीच्या शेवटी जागा जादा सुटलीय, ती काढा. वर्णनाचं पहिलं वाक्य लांब आहे, तोडा. परवान्याचं नाव त्यांच्या पद्धतीनं लिहा. मग ती थांबली. खुटखुट पुन्हा झाली, म्हणजे तीच ओळ तिनं दुसऱ्यांदा वाचली.

"काय झालं?"

"विचारलंय, हे पाठवण्याआधी तुम्ही एखाद्या अंध व्यक्तीकडून तपासून घेतलंय का?"

मी जी सुटले! ब्रेलचा नियम बंद करताना विचारलं होतं का कुणा अंधाला? पॅकेज काढून टाका म्हणून शेकडो जणांनी लिहिलं, तेव्हा कुणाला हा प्रश्न का सुचला नाही? आता जिनं स्वतःच्या खुर्चीसाठी हे बांधलं, तिलाच नेमकं विचारतात! मी त्यांना लिहिते, मी त्यांची खरडपट्टीच काढते, वगैरे वगैरे. नसीमनं मला मनसोक्त बोलू दिलं.

"झालं का मॅडम?" तिनं विचारलं. "मी उत्तर लिहिलंय. पाठवलं पण."

"काय लिहिलंस?"

"लिहिलं, होय. तुमचा हा प्रश्न ती आत्ता बोटांनी वाचतेय."

तिन्ही दुरुस्त्या तिनं त्याच दुपारी करून पाठवल्या. वैरागला जी डिस्ट्रो होती, तिच्यातलं पॅकेज मंजूर झालं. तपासणाऱ्यानं आणखी काही विचारलं नाही आणि माफीही मागितली नाही. सरांनीही मग त्या डिस्ट्रोच्या आपल्या पॅकेजमधली ती ओळ गुपचूप काढली. दुसऱ्या डिस्ट्रोतलं मात्र अजून रांगेतच आहे, आणि इंटरनेटवरचं ते वाक्यही जिथल्या तिथं आहे, खाली धन्यवादांची रांग आणखी लांब झालीय. म्हणून म्हटलं, की मला हलकंफुलकं जमत नाही.

वैरागला नवा संगणक आला त्या दिवशी मी सकाळपासून एसटीला निघायच्या तयारीत बसले होते. पिशवीत पेनड्राइव्ह, पाण्याची बाटली, सगळं. फोन येईना. मी वाट बघून बघून शेवटी स्वतःच लावला. मागं ट्रकचा घरघराट आणि सिद्धूचा आवाज ऐकू येत होता, कुठल्याशा गाडीचा नंबर ओरडत होता.

"नसीम, लागलं का यंत्र? येऊ का मी? काय झालं सांग तरी!"

"मॅडम, नंतर बोलते," ती म्हणाली. "काट्यावर गाडी उभी हाय."

आणि तिनं फोन ठेवून दिला.